क्षमा आणि फिर्याद

बारामती-इंदापूरसारख्या तालुक्यांतील छोट्या मंडळीत, म्हणजे स्थानिक ख्रिस्ती उपासक-समाजात, पाळकावर (धर्मगुरूवर) बालकाच्या लैंगिक छळाचा आरोप झाल्यास प्रकरण आतल्या आत मिटवण्यासाठी मत्तयकृत शुभवर्तमानाच्या 18व्या अध्यायाचा आधार घेता येतो, कारण अपराधी भावाला प्रथम एकांतात समजवावे, असे तेथे सांगितले आहे. मात्र त्याच अध्यायाच्या आरंभी येशू एका बालकाला शिष्यांच्या मध्ये उभे करतो आणि लहानग्याला अडखळवणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधण्याची भाषा करतो. एकांतातील समजूत बरोबरीच्या भावांमध्येच शोभते, बालक व पाळक यांच्यात नव्हे. क्षमा हा पीडिताचा अधिकार आहे, मंडळीच्या पंचांचा मुळीच नाही. शिवाय 2012च्या पॉक्सो (बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक) कायद्याचे कलम 19 अशा गुन्ह्याची माहिती असलेल्या प्रत्येकावर पोलिसांना कळवण्याचे बंधन घालते आणि धर्मगुरूला त्यातून वगळत नाही.

हा कायदा पीडित 18 वर्षांखालील असेल तरच लागू होतो; पण परावलंबी प्रौढांचाही प्रश्न उरतो. शेजारच्या दौंड तालुक्यातील केडगावी पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनने दुष्काळपीडित मुलींबरोबर विधवांना आणि अंध स्त्रियांनाही आसरा दिला. अशा प्रौढांचे अन्न, छप्पर आणि प्रार्थना एकाच हाती असल्यास त्यांच्या संमतीला कितपत अर्थ उरतो, हा प्रश्न कोणत्याही आश्रमाला लागू पडतो. पोप फ्रान्सिस यांनी 2019मध्ये कॅथलिक चर्चसाठी काढलेल्या लैंगिक छळाविरुद्धच्या आदेशात आजार, अपंगत्व किंवा वैयक्तिक स्वातंत्र्य हिरावले जाणे यांमुळे प्रतिकार करू न शकणाऱ्या प्रौढांचाही समावेश आहे.