काळीवर बसून

उतरलात? लगेच पुढची गाडी शोधू नका. परभणी जिल्ह्यातल्या देवगाव फाट्यावरून एक रस्ता सेलूला जातो, एक मंठ्यामार्गे जालन्याकडे, एक जिंतूरला. जाऊ द्या त्यांना. डांबर सोडून चार पावलं रानात या, चप्पल काढा, बांधावर बसा.

पायाखाली काळी आहे. मूठभर उचला. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा खडक झिजून ही माती झाली. पावसात ती फुगते, पायाला चिकटून पाऊल जड करते. वैशाखात आकसते, आणि हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात. वरची भुसभुशीत माती त्या भेगांतून खाली उतरते. म्हणजे नांगर येण्याआधीच ही जमीन आपली आपण उलथत असते. मूठ उघडा. श्वास संथ होऊ द्या.

आता पऱ्हाटीकडे वळा. सोयाबीननं बरीच रानं घेतली, पण कापूस अजून गेलेला नाही. एक फुटलेलं बोंड निवडा. वाळलेल्या पाकळ्यांची टोकं बोटाला लागतात, ती लागू द्या. कमरेला ओटी बांधलेली बाई दिवसभर हेच करते: चिमटीत धरायचं, ओढायचं, काडीकचरा टाळून ओटीत टाकायचं. 2011च्या जनगणनेत परभणी जिल्ह्यातली दहातली सात माणसं खेड्यात राहत होती. त्यांतली ही एक. वेचणीची मजुरी किलोवर, आणि कापसाला वजन ते किती! इथं थोडं रेंगाळा.

क्विंटलभर कापसातून जिनिंगमध्ये साधारण 34 किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी. गाठ 170 किलोची. एका गाठीमागे पाच क्विंटल वेचणी. चिमट्या मोजू नका, बोटं बघा.

टेक्सासमध्येही अशी भेगाळणारी काळी माती आहे. अमेरिकेतला सर्वाधिक कापूस त्याच राज्यात पिकतो, जरी त्यातला बराचसा दुसऱ्या, पठारी भागात. तिथं वेचणी यंत्र करतं. तरी दोन्हीकडचा कापूस शेवटी एकाच बाजारात उतरतो. ऑगस्ट 2025मध्ये केंद्रानं आयातीवरचं 11 टक्के शुल्क उठवलं आणि पुढे ती सवलत वर्षअखेरपर्यंत वाढवली. त्याच हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8110 रुपये होता. या दोन गोष्टी शेजारी ठेवा आणि राग आला तर येऊ द्या. मननात राग चालतो.

मग पुन्हा बोंडाकडे या. सकाळी त्यावर दव असतं. दवात वेचलं तर वजन भरतं, पण ओलावाही वाढतो. सरकारी खरेदीत 8 टक्क्यांच्या वर भाव कापतात, 12च्या पुढे माल घेतच नाहीत. मालकाला ऊन चढायची वाट पाहायची असते. वेचणारीला उन्हाआधी ओटी भरायची असते, शिवाय घरी चूल थांबलेली. दोघांचंही बरोबर आहे. घाई न करता त्या दोघांच्या मधे बसा. आज कुणाचं ऐकायचं, हे त्यांना रोज सकाळी नव्यानं ठरवावं लागतं.