गळ कीं पंगत?

ख्रिस्ती मनुष्यानें शेजाऱ्यांबरोबर एखाद्या समान कामासाठीं वा आवडीसाठीं एकत्र यावें, आणि त्या सोबतींतून त्यांस प्रभूची ओळख व्हावी, असें पुष्कळ उपदेशक सुचवितात. कोणी भजनी मंडळ काढतो, कोणी रात्रींचा वाचनवर्ग चालवितो. ह्यावर एक प्रश्न उठतो, आणि तो लहान नाहीं. हें प्रेम आहे कीं आमिष? मासा लागावा म्हणून गळाला गांडूळ टोंचतात, तसें आम्ही भजन व शेती पुढें करितों काय?

नाणेघाटाच्या माथ्यावर, जीवधन किल्ल्याच्या पायथ्याशीं घाटघर गांव आहे. पाऊस मुसळधार, जमीन उतरणीची, पीक मुख्यतः भाताचें. जुन्नर व आंबेगांव तालुक्यांच्या ह्या डोंगरपट्ट्यांत पडकई म्हणून एक जुनी रीत आहे. उतारावर बांध घालून भातखाचर करणें एका घरच्या माणसांचें काम नव्हे. म्हणून अनेक घरें मिळून आज एकाच्या रानांत राबतात, उद्यां दुसऱ्याच्या. श्रमाची फेड श्रमानेंच होते. अशा ठिकाणीं जो विश्वासी ‘मी आतां वेगळा झालों’ म्हणून घरीं बसतो, त्याची साक्ष कोण ऐकेल? काम आरंभितांना कोणी ग्रामदेवतेस नारळ फोडील. त्या विधींत आम्हांस भाग घेतां येत नाहीं, हें नम्रपणें सांगावें. परंतु नारळ फुटल्यावर कुदळ मात्र पहिल्यानें आम्हीं उचलावी.

शास्त्रांतहि ह्याचा दाखला आहे. पौल करिंथास गेला तेव्हां तो अक्विला व प्रिस्किल्ला ह्यांजकडे राहिला, कारण तंबू करण्याचा त्यांचा धंदा एकच होता. त्याच्या तंबूची शिवण कच्ची असती, तर त्याचा उपदेश कोणी पक्का मानिला नसता. शोमरोनी स्त्रीशीं बोलतांना प्रभूनें प्रथम तिच्याजवळ पाणी मागितलें. देण्यापूर्वीं घेण्यास तो तयार झाला. आम्ही मात्र नेहमीं देणारे होऊं पाहतों. शेजाऱ्याकडून शिकावयास कमीपणा मानितों.

महाराष्ट्रांत रेव्हरंड नारायण वामन टिळक ह्यांचें उदाहरण सर्वांस ठाऊक आहे. १८९५ सालीं त्यांचा बाप्तिस्मा झाला. १९१७ सालीं त्यांनीं मिशनचें काम सोडिलें आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ आरंभिला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे ख्रिस्ताचे शिष्य तेथें बंधुत्वानें एकत्र यावेत, हा त्यांचा हेतु होता. १९१९ सालीं ते प्रभूकडे गेले. दरबारास त्यांचा सहवास फार थोडा लाभला. परंतु त्यांची अभंग-कीर्तनाची वाट मराठी मंडळ्यांतून बुजली नाहीं. ह्याचें कारण उघड आहे. अभंग हें टिळकांनीं लोकांस ओढण्यासाठीं उसनें आणिलेलें साधन नव्हतें. तो त्यांचा जीव होता. तुकोबांची गोडी त्यांस ख्रिस्ताकडे येण्यापूर्वींच लागली होती.

आमच्या प्रश्नाचें उत्तर येथेंच आहे. गळ टाकणारा गांडूळ खात नाहीं. पंगतींत मात्र वाढणारा व जेवणारा एकाच अन्नाचे वांटेकरी असतात. ज्या कामाची गोडी आम्हांस स्वतःस नाहीं, तें केवळ शेजाऱ्यास धरण्यासाठीं करणें हा गळ होय. ज्यांत आमचाहि जीव आहे, ज्याचें फळ सर्वांस सारखें मिळतें, आणि ज्यांत आम्ही कोणाचे आहों हें पहिल्या दिवसापासून उघड असतें, ती पंगत होय.

तथापि कित्येक म्हणतील, मग ख्रिस्ताचें नांवच काढूं नये. हेंहि बरोबर नव्हे. पंगतींत बसून आपल्या घरचें उत्तम अन्न तेवढें झांकून ठेवणें ही मैत्री नव्हे.

बंधुभगिनींनो, प्रत्येकानें आपल्या मनास एक प्रश्न विचारावा. दहा वर्षें लोटलीं आणि शेजाऱ्यानें प्रभूचा स्वीकार केला नाहीं, तरी त्याच्या बांधावर आम्ही दगड वाहूं काय? उत्तर ‘नाहीं’ असेल, तर आमच्या हातीं गळ आहे. तो टाकून द्यावा. उत्तर ‘होय’ असेल, तर निर्भयपणें जावें, राबावें, गावें आणि संधि मिळेल तेव्हां बोलावें. रोप लावणें आमचें काम. कणीस भरणें देवाचें.