पहिलें शस्त्र

आपल्या जिवाचें रक्षण करण्याचा हक्क प्रत्येकास आहे, याविषयीं फारसा मतभेद नाहीं. १८६० च्या दंडसंहितेनें तो मान्य केला होता, आणि १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय न्यायसंहितेनेंही तो राखिला आहे. मात्र दोहोंनीं त्यास एक मर्यादा घातली: बचावास अवश्य तेवढीच इजा करावी. प्रथमच पिस्तूल घेऊं इच्छिणाऱ्यानें ही मर्यादा आपणांस पाळतां येईल काय, हें आधीं पाहावयास हवें. तो मात्र विचारतो, कोणतें घेऊं?

याचें यांत्रिक उत्तर कठीण नाहीं. रिव्हॉल्व्हरची रचना सुटसुटीत. एखादें काडतूस न उडाल्यास चाप पुन्हां ओढतांच पुढचें समोर येतें. पिस्तुलांत गोळ्या अधिक मावतात. पण मॅगझिन काढलें तरी नळींत एक गोळी राहूं शकते, आणि नवशिक्या नेमकें हेंच विसरतो. हलकें शस्त्र बाळगण्यास सोयीचें, पण झाडतांना हातास झटकाही अधिक देतें.

जानेवारी २०१४ मध्यें कानपूरच्या सरकारी कारखान्यानें ‘निर्भीक’ नांवाचें .३२ बोअरचें, सुमारें ५०० ग्रॅम वजनाचें रिव्हॉल्व्हर स्त्रियांसाठीं म्हणून काढलें. डिसेंबर २०१२ मधील दिल्लीच्या अत्याचाराची आठवण त्या नांवामागें होती. किंमत सव्वा लाख रुपयांच्या घरांत. रात्रीं बसनें घरीं परतणाऱ्या कामकरी स्त्रीस ती कोठून परवडणार? शिवाय अशा गुन्ह्यांतील बहुतेक आरोपी ओळखीचेच असतात. वाटमाऱ्यावर रोखतां येणारें शस्त्र दिरावर, शेजाऱ्यावर वा वरिष्ठावर रोखणें सोपें नसतें.

याहून बिकट प्रश्न घरांतला. वॉशिंग्टन शहराच्या कायद्याप्रमाणें घरांतील बंदूक सुटी करून अथवा चापास कुलूप घालून ठेवावी लागे. २००८ मध्यें अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें ५ विरुद्ध ४ मतांनीं ही अट रद्द ठरविली. अशा शस्त्राचा ऐन वेळीं स्वसंरक्षणास उपयोग नाहीं, हें त्याचें कारण. तें तर्कास धरून आहे. परंतु जें शस्त्र धन्याच्या हातीं तत्काळ येतें, तें त्याच्या मुलाच्या, संतापलेल्या भावाच्या वा जिवास कंटाळलेल्या आप्ताच्याही हातीं तितक्याच लवकर येतें. १९९३ सालीं प्रसिद्ध झालेल्या केलरमन यांच्या अमेरिकेंतील पाहणींत, घरीं बंदूक असल्यास घरांतच खून होण्याचा संभव सुमारें २.७ पट आढळला. ज्यांस आधींच धोका असतो तेच बंदूक घेतात, असा आक्षेप त्यावर आला, व तो पोकळ नाहीं. तथापि कुलूप नसलेला खण मूल उघडतें, हें कळावयास पाहणीची गरज नाहीं.

मग शस्त्र घेऊंच नये काय? एकाकी शेतवस्तीवर राहणाऱ्यास, अथवा ज्यास उघड धमक्या आल्या आहेत त्यास, असें सांगणें हा सुरक्षित माणसाचा उद्दामपणा होईल. २०१६ च्या शस्त्रनियमांनीं परवान्यासाठीं हाताळणीचें शिक्षण आवश्यक केलें, तें योग्यच झालें. पण कांहीं प्रश्नांची परीक्षा कोणताही अधिकारी घेऊं शकत नाहीं. माझ्या घरांत रागीट कोण, दारू पिणारा कोण, निराश कोण? किल्ली कोणाजवळ राहील? सराव वर्षानुवर्षें चालेल काय? आणि अंधारांत झाडलेली गोळी आपल्याच माणसास लागली, तर पुढें कसें जगावें? यांचीं उत्तरें समाधानकारक आलीं, तर बोअरचा प्रश्न गौण आहे. न आलीं, तर कोणतेंही बोअर चुकीचेंच ठरेल.