तुसाची काळी राख

मेअखेरची दुपार आहे. कोकणातलं एक अंगण. सावलीला बसा.

तुमच्या ओंजळीत भाताच्या तुसाची काळी राख आहे. थोडीशीच.

वजन जाणवतं? जवळजवळ नाहीच.

ओंजळ सैल राहू द्या.

त्यातलं एक तूस उचला. जळलंय, तरी आकार गेलेला नाही. दाणा उतरून गेलेली चिमुकली होडी. पाठीवर बारीक उभ्या रेघा. नखाने हळूच घासा.

खरखरीत लागतं.

ही खरखर सिलिकाची. काच जिची बनते, तीच.

श्वास घ्या. विझल्या चुलीचा वास येतो. सोडा.

आता डोळे मिटा. श्रावणातलं शेत. भाताच्या पातीवरून बोट फिरवा, टोकाकडून बुडख्याकडे. जपून, कापतं. बेणणीला वाकणाऱ्या बायांच्या हातांना ही धार पाठ असते.

धार पाण्यातून येते. मुळं पाण्याबरोबर विरघळलेलं सिलिकॉन पितात. पान पाणी हवेत सोडून देतं. सिलिका मागे राहते. पातीत, काडीत, आणि तुसात तर भरभरून.

घोटभर पाणी, कणभर काच.

घोटभर पाणी, कणभर काच.

ऐका. पीक उभं असेतो हे चाललेलं असतं. आवाज नाही.

म्हणून काडी वाऱ्यात ताठ राहते. करप्याला पात भेदणं जड जातं. खोडकिड्याचे जबडे झिजतात.

डोळे उघडा. पाय जमिनीवर टेकवा.

तळव्याखाली तांबडा जांभा आहे. लाखो वर्षांच्या पावसाने या खडकातली बरीचशी सिलिका धुऊन नेली. लोह आणि ॲल्युमिनियम मागे उरलं. हा तांबडा रंग त्या लोहाचा. वाळूत सिलिका असते, ढिगाने असते. पण ती हट्टी, सहजी विरघळत नाही. आणि भाताची तहान मोठी.

त्या तांबड्यावर काळी ओंजळ धरून बसा. काही करायचं नाही. दोन रंग पाहा.

शंभर किलो भात भरडलं की वीसेक किलो तूस निघतं. पार जाळलं तर चारेक किलो राख उरते, आणि ती बहुतेक सिलिकाच. पण पार जाळायची घाई नको. धग फार चढली की सिलिका स्फटिक होऊन बसते, मग पाण्यालाही दाद देत नाही.

मंद धग. नुसतं धुमसणं.

काळं झालं की पाणी शिंपडायचं. चर्र.

कोळसा राहतो, सिलिकाही राहते. बायोचार हे त्याचं नवं नाव. मला काळी राखच बरं वाटतं.

डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री भातशेतीत ही राख पहिल्याच सूत्रात येते : रोपवाटिकेत, चौरस मीटरला अर्धा ते एक किलो. शेतात पेंढाही गाडायचा. पेंढा खरं तर आधी गुरांचा. असू दे. गोठ्यातून उकिरड्यावर, उकिरड्यावरून शेतात, तो येतोच. वाट लांबची, एवढंच.

पुन्हा ओंजळीकडे या.

उठा. वाफ्याशी जा. बोटं थोडी विलग करा. राख पडू द्या, सावकाश. हातांना काळं लागेल, लागू द्या.

मातीत मिसळा, चार बोटं खोल. वर बी. वर मातीचा पातळ थर.

आता पाऊस.

थांबा.

थांबा.

आठवडाभरात वाफ्यावर हिरवी लव येते. उकिडवे बसा. एका रोपाच्या पातीवरून बोट फिरवा, टोकाकडून बुडख्याकडे.

मऊ आहे. अजून धार आलेली नाही.