मोजलेले पाणी

पाणी मोजणे हे वरवर पाहता इंजिनियराचे काम. परंतु किंचित विचार केला असता त्याच्या मुळाशी नीतीचाच प्रश्न आहे, असे दिसून येईल.

सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबराने आमच्या या शहरासाठी नहर बांधली आणि डोंगरपायथ्याशी मुरलेले पाणी जमिनीखालून घरोघर आणले. पाण्याची चिंता राज्यकर्त्याने वाहावी, प्रजेने हौदावर घागर भरावी, अशी ती व्यवस्था होती. आज छत्रपती संभाजीनगरात ज्याची कूपनलिका तो आपल्यापुरता राजाच. मात्र चिंता वाहणारा कोणी उरला नाही.

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाने निराळी वाट धरली. तेथे पडलेला पाऊस व विहिरींची पातळी मोजून ग्रामसभेपुढे वर्षाचा जमाखर्च मांडतात. प्रथम माणसांचे व गुरांचे पिण्याचे पाणी, मागाहून शिलकेप्रमाणे पिके. ऊस, केळी व शेतीसाठी कूपनलिका यांना गावाने बंदी केली.

‘माझ्या जमिनीतील पाणी माझे, गावाने हात का घालावा?’ असा आक्षेप कोणी घेईल. तो अगदीच पोकळ नव्हे. पण भूगर्भातील पाणी बांध ओळखत नाही. मोजमापापूर्वी अधिक उपसणारा निदान अजाण तरी असतो. मोजमापानंतर आपण कोणाच्या घागरीतून घेतो, हे त्यास कळलेले असते. आकडा पाणी वाढवीत नाही. तो अजाणपणाची सबब काढून घेतो.

तथापि नुसता आकडा पुरत नाही. 1976 साली पूर्ण झालेल्या पैठणच्या जायकवाडी धरणाचेच पाहा. 2005 च्या कायद्याने खोऱ्यातील पाण्याच्या समन्यायी वाटपाचे तत्त्व मान्य केले. तरीही तुटीच्या वर्षी नाशिक-नगर व मराठवाडा यांचा तंटा न्यायालयापर्यंत जातो. ज्याने मोजले त्याचाच आकडा असे म्हटले, की दुसऱ्यास त्यात डाव दिसतो. पुराचेही तसेच. धरणावरील विसर्गाचा आकडा काठच्या झोपडीत वेळेवर पोहोचला नाही, तर तो मोजून न मोजल्यासारखाच. सर्वांदेखत मोजलेले व सर्वांस सांगितलेले, तेवढेच ज्ञान गावास तारते.

हे लिहिताना माझ्याच अंगणातील कूपनलिकेकडे दृष्टी जाते. ती किती फूट खोल आहे, हे मला तोंडपाठ आहे. शेजाऱ्याची विहीर कोणत्या महिन्यात आटली, हे मी अद्याप विचारलेले नाही.