निष्कामता कोणी कोणाकडून मागावी?

साथीच्या काळात रुग्णाच्या दारात जाणाऱ्याचे काम पुण्यकर्म मानावे की श्रम, हा धर्मविचारातला अवघड प्रश्न आहे. भगवद्गीतेने फळाची आसक्ती सोडून कर्म करायला सांगितले, तर वारकरी संतांनी भूतदयेला भक्तीचेच मोल दिले. ही शिकवण कर्त्यासाठी आहे. स्वतःच्या लोभाचे काय करावे, हे ती त्याला सांगते. दुसऱ्याच्या निष्कामतेवर समाजाने हक्क सांगावा, असा तिचा अर्थ होत नाही.

सावित्रीबाई फुले यांचे उदाहरण म्हणूनच काळजीपूर्वक वाचावे लागते. १८९७ च्या प्लेगात त्यांचे दत्तकपुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ ससाणे मळ्यात दवाखाना घातला. मुंढव्याच्या महारवाड्यातील एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन तिथे आणले. त्यांनाही लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. ज्याला शिवायलाही समाज तयार नव्हता, त्याला पाठीवर घेण्यामागे पुण्याचा हिशेब नव्हता. निर्मिकाची, म्हणजे निर्मात्याची, सारी लेकरे सारखी, हा सत्यशोधक विचार होता. पण तो त्याग त्यांनी स्वतः पत्करला होता. कोणी तो त्यांच्यावर लादला नव्हता.

बीड जिल्ह्यातील माजलगाव तालुक्यात २०२० साली हाच प्रश्न वेगळ्या रूपात उभा राहिला. बीड हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा. कोरोनाच्या टाळेबंदीत साखर कारखान्यांवर अडकलेल्या सुमारे १ लाख ३१ हजार कामगारांना गावी परतू देण्याचा निर्णय राज्य सरकारने एप्रिलमध्ये घेतला. गावात भीती होती. परतलेल्या कुटुंबांची यादी करणे, ताप-खोकल्याची विचारपूस करणे, विलगीकरणाचे दिवस मोजणे ही कामे आशा आणि अंगणवाडी सेविकांकडे आली. औषधापेक्षा अवघड काम माणसे जोडून ठेवण्याचे होते. कोयता घेऊन गेलेली बाई परत आली, तर तिला हापशावर पाणी भरू द्यायचे की नाही, हा वाद मिटवायला डॉक्टरचे ज्ञान पुरत नाही. तिथे गावचाच विश्वासाचा माणूस लागतो. साथ आटोक्यात आणण्यातला सामाजिक कार्याचा खरा वाटा हाच आहे, आणि तो अहवालांत क्वचितच दिसतो.

आशा योजना २००५ मध्ये ग्रामीण आरोग्य अभियानातून आली. सरकारदरबारी आशा स्वयंसेविका आहे. तिला पगार नाही, मानधन आणि कामागणिक मोबदला मिळतो. जून २०२१ मध्ये राज्यातील आशा संपावर गेल्या, तेव्हा सेवा करणाऱ्यांनी पैसे मागावेत का, अशी कुजबुज झाली. ती अन्यायाची होती. मजुरी मागितल्याने सेवा बाटत नाही. उलट निष्कामतेचे नाव पुढे करून दुसऱ्याची मजुरी बुडवणे हाच अधर्म. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशभरातील आशांचा गौरव केला. शासकीय कर्मचाऱ्याचा दर्जा मात्र त्यांना मिळालेला नाही.