घसारा

निवृत्त माणसाच्या हाती दोन गोष्टी पहिल्यांदाच एकत्र येतात: एकरकमी पैसा आणि एकसलग वेळ. अशा वेळी माणूस एक तर चूक करतो, नाही तर गावचे घर दुरुस्तीला काढतो. मी घर काढले. चुका त्यातच करून घेतल्या.

*

घर राजापूर तालुक्यात. दाराच्या गणेशपट्टीवर आजोबांचे नाव आणि शके १८६६, म्हणजे इसवी सन १९४४. छत्तीस वर्षे लेखा शाखेत काढल्यामुळे आधी हिशेबच सुचला. आयकराच्या नियमांत राहत्या इमारतीला पाच टक्के घसारा. घटत्या शिलकेने मोजले, तर शंभर रुपयांच्या घराचे ऐंशी वर्षांनी एक रुपया पासष्ट पैसे उरतात.

या पद्धतीची एक गंमत आहे. शिलक कितीही घटली तरी शून्य होत नाही. नोकरीत हे गणित हजारदा केले. त्यात दिलासा आहे हे पडवीत बसल्यावर कळले.

*

ग्रामपंचायतीच्या उताऱ्यावर अकरा नावे निघाली. घर पडायला कोणाची संमती लागत नाही. उभे करायला अकराही सह्या लागतात.

मुलींना वडिलार्जित मिळकतीत मुलांइतकाच जन्मसिद्ध हिस्सा देणारा बदल हिंदू वारसा कायद्यात २००५ मध्ये झाला. त्यालाही दुरुस्तीच म्हणतात. काही घरांचा वासा बदलावा लागतो, काहींचा कायदा.

आत्याने सही केली आणि पेन खाली ठेवता ठेवता विचारले, "ओटीवर फरशी घालणार काय रे?" तेव्हा उत्तर दिले नाही. प्रश्न जमिनीचा आहे असे मला वाटले होते.

*

मेस्त्री आले, घराभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाले, "काका, एक पाऊस काढू या. मग बघू."

मला घाई होती. त्यांना ती नव्हती, कारण ते निवृत्त नव्हते.

*

पावसाळ्याच्या चार महिन्यांत या जिल्ह्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. एवढे पाणी घराची परीक्षा घेत नाही, उलटतपासणी घेते. मी गळक्या जागी पातेली मांडत होतो. मेस्त्री मात्र पातेल्यांकडे पाहत नव्हते, वर पाहत होते. पाणी शिरते एकीकडे, वाशाच्या पोटाने वाहत येते आणि टपकते तिसरीकडेच.

थेंब पडतो तिथे दोष नसतो, दोष त्याच्या वर कुठे तरी असतो. कचेरीतही हे पाहिले होते. तिथे मात्र शिक्षा थेंब पडलेल्या जागेला होई.

*

कौले उतरवली तेव्हा त्यांच्या पोटावरचे छाप दिसले. मंगळुरी कौलांचा पहिला कारखाना बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला काढला. मग किनाऱ्याने कारखाने वाढत गेले आणि गलबतांतून कौले कोकणच्या बंदरांवर उतरू लागली. आमच्या छपरावर चार निरनिराळ्या कारखान्यांचे छाप निघाले, काही कौलांवर नुसताच आकडा, काहींवर काहीच नाही.

मी ज्याला 'आजोबांचे छप्पर' म्हणत होतो, त्यातली आजोबांची कौले निम्मीही नव्हती. दर वैशाखात कोणी तरी वर चढले होते, फुटकी काढून नवी बसवून उतरले होते. चढले कोण, याची नोंद कुठेच नव्हती.

जुने घर म्हणजे न मोडलेले घर असा माझा समज होता. जुने घर म्हणजे पुष्कळदा सांधलेले घर.

*

मेस्त्रींना पत्रा सुचवून पाहिला. माकडे कौले फोडतात, शाकारणीला माणूस मिळत नाही, दोन्ही खरे. गावात निम्मी घरे पत्र्याखाली गेली आहेत. मे २०२१ च्या तौक्ते वादळात त्यांतल्या काहींचे पत्रे शेजारच्या आमराईत सापडले.

कौल फुटते ते एकटे फुटते. पत्रा उडतो तो सगळा उडतो. ज्या वस्तूला रोज थोडी निगा लागते, ती एकदम दगा देत नाही.

*

जांभा खाणीत असतो तेव्हा मऊ असतो. कुऱ्हाडीसारख्या हत्याराने तासून त्याचे चिरे काढता येतात. बाहेर वारा-ऊन लागले की तो कठीण होतो. फ्रान्सिस ब्युकॅनन याने १८०७ मध्ये याच दगडाला विटेच्या लॅटिन शब्दावरून 'लॅटराइट' हे नाव दिले. कोकणातल्या माणसाला ते नाव ठाऊक नसते, गुण ठाऊक असतो.

आजोबांनी चिऱ्यांत चुना भरला होता. वडिलांनी साठेक साली हातात पैसे आले तेव्हा दर्शनी भिंतीला सिमेंटचा गिलावा केला. सगळ्यांत ओली तीच भिंत निघाली. जांभा पाणी पितो आणि पुन्हा हवेला देतो. सिमेंट त्याला पिऊ देते, पण सोडू देत नाही. मग ओल आत कोंडते आणि गिलावा फुगून सुटतो.

वडिलांनी जे केले ते प्रेमानेच केले. भिंतीचा त्याने श्वास कोंडला. घरातल्या माणसांनाही असे गिलावे झालेले असतात.

*

चुन्याचा स्वभाव वेगळा. दगड किंवा शिंपले भट्टीत भाजले की त्यांतला वायू निघून जातो. उरलेल्या कळीच्या चुन्यावर पाणी ओतले की तो उकळतो, फुलतो, विझतो. मग तो वाळूत मळून भिंतीत भरायचा. तिथे चुना हवेतून तोच वायू वर्षानुवर्षे परत घेत राहतो आणि हळूहळू पुन्हा दगड होतो.

नव्या लेपाला दोन आठवडे पाणी शिंपत राहायला सांगितले होते. मी विचारले, "पूर्ण कधी वाळेल?" मेस्त्री म्हणाले, "वाळायचं नाय काका, मुरायचं." छत्तीस वर्षे मी प्रत्येक गोष्टीला अंतिम तारीख मागितली होती.

*

लाकडांत सगळ्यांत धड निघाले ते स्वयंपाकघरातले. काळेकुट्ट, काजळीने माखलेले, ज्यांची लहानपणी लाज वाटे ते वासे. चुलीच्या धुराने त्यांना ओल धरू दिली नाही आणि कीड फिरकू दिली नाही. ओटीवरच्या तुळया, ज्यांना दर लग्नात तेलरंग लागला, त्या आतून पोकळ होत्या.

घरात गॅस आला, धूर गेला. आईचे डोळे वाचले, वासे उघडे पडले. हा सौदा कोणीही करावा असाच होता. पण सौदा होता हे लक्षात ठेवावे.

*

बंद घर लवकर पडते, असे गावात म्हणतात. घराला माणसांची माया असते म्हणून, असे मला वाटे. कारण साधे आहे. पहिला थेंब पाहायला कोणी नसते. वाळवीची पहिली मातीची रेघ झाडूने पुसून टाकायला कोणी नसते. पुसली जाणारी रेघ धोक्याची नसते. न पाहिलेली रेघ आढ्यापर्यंत जाते.

मायेचा अर्धा भाग म्हणजे नुसते लक्ष असते.

*

दुरुस्त करायचे म्हणजे कोणत्या साली न्यायचे? १९४४ साली? तेव्हा संडास पऱ्ह्यापलीकडे होता. माझ्या लहानपणात? तेव्हा बाळंतिणीच्या खोलीला खिडकी नव्हती. आपण ज्या घराच्या आठवणीने गहिवरतो, त्यात बहुधा आपण पाणी भरत नसतो.

खिडकी फोडली. संडास आत घेतला. जुने ते तसेच राहावे म्हणणाऱ्याने आधी आषाढातल्या रात्री दोन वाजता कंदील घेऊन पऱ्ह्यापलीकडे जाऊन यावे.

*

एकोणिसाव्या शतकात युरोपात या प्रश्नावर भांडणे झाली. फ्रान्समध्ये व्हियोले-ल-द्युक जुन्या वास्तूंना त्यांच्या परिपूर्ण रूपात नेत होता, मग ते रूप पूर्वी कधी असो वा नसो. इंग्लंडमध्ये रस्किन अशा जीर्णोद्धाराला खोटेपणा म्हणत होता. विल्यम मॉरिसने १८७७ मध्ये जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली आणि सांगितले की जीर्णोद्धार करण्यापेक्षा रोजची निगा राखा.

मॉरिसचे म्हणणे पटले. मात्र रोजची निगा राखायला घरात कोण होते, हे आठवल्यावर नुसते पटून भागेना.

*

निवृत्तीच्या वेळी पेन्शनचा काही भाग सरकारला विकून एकरकमी घेतला. कौले त्यातूनच आली. पंधरा वर्षांनी तो भाग पूर्ववत होतो. सरकार माणसाचे काही पूर्ववत करून देते असे हे एकच ठिकाण. माणूस तेवढा टिकला पाहिजे, ही अट लिहिलेली नसते.

*

हिशेबाच्या पुस्तकात खर्च दोन जातींचा. नवे बांधले तर भांडवली, आहे ते चालू ठेवले तर महसुली. भांडवली खर्च ताळेबंदात मालमत्ता म्हणून दिसत राहतो. महसुली खर्च त्या वर्षात संपतो. मागे काही दिसत नाही. लेखापरीक्षक नेहमी विचारतो, "ही दुरुस्ती की नवीन काम?" आयुष्यभर हा प्रश्न मी दुसऱ्यांना विचारला.

आजोबांनी घर बांधले, एकदा. ते भांडवली खाती पडले आणि गणेशपट्टीवर नाव आले. आजीने ती ओटी दर आठ दिवसांनी सारवली. मग काकूने, मग आईने, लग्न होईपर्यंत आत्याने. चोपण्याने जमीन धोपटायची, शेणाचा हात फिरवायचा, आठवड्याने पुन्हा तेच. गडी वैशाखात कौलांवर चढला, भाद्रपदात गडग्याचे ढासळलेले चिरे रचून गेला. हा सगळा महसुली खर्च. ताळेबंदात कुठे दिसत नाही.

आजोबांचे काम एका वर्षात झाले. उरलेली एकोणऐंशी वर्षे घर यांनी उभे ठेवले.

*

ओटीवर फरशी घातली नाही. घातली असती तर सोय झाली असती, यात शंका नाही. आता सारवायला मी बसतो. पहिल्या खेपेला हात मध्येच थांबले आणि जमिनीवर उंचवटे राहिले. आत्या बघायला आली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "आमच्या वेळी असं सारवलं असतं तर आईने परत सारवायला लावलं असतं."

माझ्या छत्तीस वर्षांच्या गोपनीय अहवालांत इतका नेमका शेरा एकही नाही.

*

नोकरीत प्रकरण निकाली निघत असे. फाइल बंद करून दोरी बांधली की ती आपली राहत नसे. घराचे प्रकरण निकाली निघत नाही. वैशाखात कौले, पावसात नजर, भाद्रपदात गडगा, दर आठवड्याला ओटी. निवृत्तीनंतर एक तरी काम पुरे करावे म्हणून आलो होतो. हाती आले ते न संपणारे काम, आणि त्याची तक्रार करावीशी वाटत नाही.

*

घसारा थांबवता येत नाही. तो लिहून ठेवता येतो किंवा भरून काढत राहता येतो. पहिल्याला लेखा म्हणतात. दुसऱ्याला आमच्याकडे नाव नव्हते, म्हणून ते घरकामात मोडत असे.

*

काम आटोपल्यावर पुतण्या म्हणाला, "काका, गणेशपट्टीवर तुमचंही नाव कोरून घेऊ. खाली साल टाकू." सुतार अजून घरात होता, पटाशी त्याच्या हातातच होती. क्षणभर मोह झाला, खोटे कशाला बोलू. पण ओळीत किती जण होते याचा अंदाज आला होता, आणि पट्टी एवढी लांब नव्हती.

मेस्त्री जाताना शिडी परत न्यायला विसरले असे वाटून मी हाक मारली. वळून म्हणाले, "राहू दे काका. पुढच्या वैशाखात लागंल."

शिडी पडवीत आडवी टांगली आहे. तिच्यावर कोणाचेच नाव नाही.